पोच मिळेल असा निरोप

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या बचत गटांत काम करणाऱ्या आम्ही आज तुमच्याशी निरोपाच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. म्हणाल, निरोपाला कसला आलाय इतिहास? आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याच स्टेशनांच्या आसपास घडला आहे.

गटाच्या बैठकीत ठराव झाला की आपण तो इतिवृत्तात लिहितो, वाचून दाखवतो आणि खाली सह्या घेतो. हप्ता भरला की पासबुकात नोंद करून घेतो. हे सगळं का करतो? तोंडी ठरलेलं पुढच्या महिन्यात प्रत्येकीला वेगवेगळं आठवतं म्हणून. निरोपाचंही तसंच आहे. तीन तोंडांतून गेलेला निरोप चौथ्या कानाला पोचेपर्यंत पार बदललेला असतो. लिहिलेला निरोप बदलत नाही, आणि ज्याला पाठवला त्याच्याकडून पोच आली तर आपला जीव भांड्यात पडतो.

आज हे सगळं मोबाइलवर होतं. गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, त्यावर दोन निळ्या खुणा दिसल्या की पोच मिळाली. पण वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली, नेट बंद पडलं, की आपल्या हातात काय उरतं? या प्रश्नाला एक उत्तर हौशी रेडिओवाल्यांनी शोधून ठेवलं आहे. त्यांना हॅम म्हणतात. हे लोक मोबाइल कंपनीशिवाय, इंटरनेटशिवाय, रेडिओच्या लहरींवरून एकमेकांना अक्षरी निरोप पाठवतात. त्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

रूळ आणि तारा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणपर्यंत गेली. त्याच वर्षी कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरं तारयंत्राने जोडली गेली. १८५५ साली सामान्य लोकांना पैसे भरून तार पाठवता येऊ लागली.

तारेत आवाज जात नसे. कडकट्ट असा ठोका जाई. लहान ठोका म्हणजे टिंब, लांब ठोका म्हणजे रेघ. सॅम्युअल मोर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रत्येक अक्षराला टिंबं आणि रेघा वाटून दिल्या होत्या. सगळ्यात जास्त लागणारं इंग्रजी अक्षर 'ई', त्याला एकच टिंब दिलं. नेहमी लागणारा डबा हाताशी आणि क्वचित लागणारा वरच्या फळीवर, असा हा स्वयंपाकघरातलाच हिशेब होता.

म्हणजे विजेवरून गेलेला पहिला निरोप हा अक्षरीच होता. टेलिफोन नंतर आला. आज आपण मेसेज पाठवतो ही नवी रीत वाटते, पण ती टेलिफोनपेक्षा जुनी आहे.

तारेला शब्दांवर पैसे पडत, म्हणून लोक मोजून लिहीत. आपल्या घरांत तार आली म्हटलं की आधी बायकांच्या डोळ्यांत पाणी येई, कारण एवढे पैसे खर्चून कोणी बरी बातमी सहसा पाठवत नसे. वाचता न येणारी बाई तारवाल्याकडूनच ती वाचून घेई. जुलै २०१३ मध्ये ही सेवा कायमची बंद झाली. तोवर मोबाइल घरोघरी पोचला होता आणि तारेची कोणाला फारशी आठवणही राहिली नव्हती.

तारेत तीन गुण होते. निरोप लिहिलेला असे, आटोपशीर असे आणि कोणी, कधी, कुठून पाठवला याची त्यावर नोंद असे. उणीव एकच होती. निरोप तारेवरून जाई आणि वादळात खांब पडला की तो तिथेच थांबे.

तारेवाचून

ही उणीव रेडिओने भरून काढली. १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी विजेच्या लहरी तारेशिवाय भिंतीपलीकडे पोचवून दाखवल्या. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे मोर्सचं एक अक्षर पोचवलं. त्यानंतर जगभर हौशी लोक घरच्या घरी यंत्रं जोडून एकमेकांशी बोलू लागले. धंदा म्हणून नाही, पगार म्हणून नाही, केवळ आवड म्हणून. आपल्या देशात १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तु यांना असा पहिला परवाना मिळाला. मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केले. सरकारी आकाशवाणी पुष्कळ नंतरची.

सरकारला मात्र या हौसेची धास्तीही होती. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं गुन्हा ठरलं. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि हौशींचे परवाने रद्द करून त्यांना यंत्रं सरकारजमा करायला सांगितलं गेलं.

आता इथे एक बाई या इतिहासात येतात. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. यंत्राचं काम नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या तंत्र जाणणाऱ्यांनी पाहिलं. पोलीस लहरींचा माग काढत येतील म्हणून ही मंडळी मुंबईतल्या मुंबईत जागा बदलत राहिली. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांना पकडण्यात आलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात राहिल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

उषाताईंचं काम आवाजाचं होतं, अक्षरांचं नव्हतं. तरीही त्यांची गोष्ट इथे सांगितली, कारण रेडिओचं यंत्र हे बायकांच्या आवाक्यातलं काम नव्हे असं कोणी म्हणालं तर उत्तर तयार असावं. दुसरं असं, की लहरी कुठून येतात हे शोधता येतं हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. परवान्याचा मुद्दा पुढे येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आवाजापासून अक्षरांपर्यंत

हौशी लोक पूर्वी मोर्समध्ये आणि आवाजात बोलत. मग अक्षरांकडे परत का वळले?

पहिलं कारण जागेचं आहे. आकाशातल्या लहरींची जागा मोजकी असते. माणसाच्या आवाजाला त्यातली बरीच लागते, अक्षरांना अगदी थोडी. १९९८ मध्ये इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके ३१ नावाची पद्धत दिली. माणूस टंकलेखन करतो साधारण त्या वेगाने तिच्यात अक्षरं जातात, आणि एका आवाजाला लागणाऱ्या जागेत असे कितीतरी संवाद एकाच वेळी चालू शकतात. दुसरं कारण म्हणजे लहर क्षीण झाली, खरखर वाढली, की आवाज कळेनासा होतो, पण अक्षरं बऱ्याचदा तरीही उमटतात. तिसरं कारण आपलं पासबुकाचं. लिहिलेलं राहतं.

१९७८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रिअल शहरातल्या हौशींनी संगणकातली अक्षरं रेडिओवरून पाकिटांत घालून पाठवायला सुरुवात केली. याला पॅकेट रेडिओ म्हणतात. १९८४ मध्ये या पाकिटाचा नियम पक्का झाला आणि तो जगभरच्या हौशींनी स्वीकारला. आपल्या परिचयाचा मोबाइलवरचा एसएमएस पहिल्यांदा गेला डिसेंबर १९९२ मध्ये. योगायोग असा, की नाबार्डने पाचशे बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला तोही १९९२ मध्येच. म्हणजे आपले गट आणि एसएमएस एकाच वयाचे आहेत आणि रेडिओवरचं अक्षरी पाकीट त्यांच्याहून चौदा वर्षांनी थोरलं आहे.

हे पाकीट चालतं कसं? आपल्या रोखवहीवरून समजेल. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव असतं. आत मजकूर असतो. शेवटी एक आकडा असतो, तो मजकुराच्या बेरजेसारखा. घेणाऱ्याचं यंत्र मजकूर आला की ती बेरीज स्वतः करून पाहतं. जुळली तर 'मिळालं' अशी पोच परत धाडतं. जुळली नाही तर गप्प बसतं. पोच आली नाही की पाठवणारं यंत्र तेच पाकीट पुन्हा पाठवतं. आपण महिन्याच्या शेवटी शिल्लक जुळेपर्यंत उठत नाही, तसंच हे.

अमेरिकेतले बॉब ब्रुनिंगा यांनी याच पाकिटांवर एपीआरएस नावाची पद्धत उभी केली. तिच्यात कोण कुठे आहे हे नकाशावर दिसतं आणि छोटे निरोपही जातात. एका निरोपात जास्तीत जास्त ६७ अक्षरं. ऐकायला कमी वाटतात, पण तारेच्या काळातल्या आपल्या आज्या-पणज्यांना एवढी पुरली असती.

अंदमान, २००४

२६ डिसेंबर २००४ रोजी सुनामी आली. त्या वेळी भारती प्रसाद नावाच्या हौशी रेडिओवाल्या बाई आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानातून हौशी रेडिओ चालवायची परवानगी १९८७ नंतर पहिल्यांदाच मिळाली होती. जगभरच्या हौशींशी संपर्क साधायचा, एवढ्यासाठीच त्या तिथे गेल्या होत्या. भूकंप झाला, लाटा आल्या, दूरध्वनी बंद पडले. भारतीताईंनी हौसेचा कार्यक्रम तिथेच थांबवला आणि त्याच यंत्रावरून बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीपर्यंत पोचवायला सुरुवात केली. त्यांचे साथीदार कार निकोबार बेटावर गेले आणि तिथून संपर्क सुरू झाला. आपलं माणूस जिवंत आहे का, एवढंच विचारणारे निरोप होते ते. त्यांचं मोल काय होतं, हे घरच्या माणसाची वाट पाहिलेल्या कोणाही बाईला सांगावं लागणार नाही.

आपला २६ जुलै

त्यानंतर सातच महिन्यांनी आपल्यावर वेळ आली. २६ जुलै २००५ चा पाऊस ठाणे, कल्याण, उल्हासनगर, बदलापूर इथे कोणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला झाला जेमतेम ७३-७४ मिलिमीटर. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच शहरात एकीकडे गळ्यापर्यंत पाणी आणि दुसरीकडे नेहमीचा पावसाळा. कुलाब्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला सांताक्रूझ कळणार नव्हतं, आणि सांताक्रूझच्या आकड्यावरून उल्हास किंवा वालधुनीच्या काठची चाळ कळणार नव्हती. त्या चाळीची बातमी चाळीतूनच निघायला हवी होती. पण गाड्या बंद होत्या, वीज नव्हती, टेलिफोन मुके होते आणि मोबाइल लागत नव्हते. राज्यभरात हजाराहून जास्त माणसं गेली.

बरोबर चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. आत सुमारे हजार प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती बाया. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटींनी आणि आसपासच्या गावकऱ्यांच्या मदतीने सगळे सुखरूप बाहेर आले. तेव्हा प्रवाशांचे मोबाइल चालू होते, आतली चित्रं बाहेर जात होती आणि त्याचा उपयोग झाला. म्हणून आम्ही मोबाइलला नावं ठेवत नाही. तो चालतो तोवर त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. प्रश्न तो बंद पडतो त्या तासांचा आहे, आणि पुराच्या वेळी नेमके तेच तास जिवाचे असतात.

पुण्याच्या मुलामुलींचा उपग्रह

आता जवळची गोष्ट. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला. आकार एखाद्या चौकोनी डब्याएवढा, प्रत्येक बाजू सुमारे दहा सेंटिमीटर, वजन एक किलोच्या आसपास. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या शिकून बाहेर पडल्या आणि पुढच्या तुकड्यांनी काम हाती घेतलं, असं ते वर्षानुवर्षं चाललं. शेवटी २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी ३४ या यानाने श्रीहरिकोट्याहून एकूण वीस उपग्रह नेले, त्यांत 'स्वयम्' होता.

त्याचं काम काय होतं? हौशी रेडिओवाल्यांचे अक्षरी निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणं. तो पृथ्वीभोवती सुमारे दीड तासात एक फेरी मारणार. आपल्या डोक्यावरून जाताना निरोप घ्यायचा, पोटात ठेवायचा आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्या डोक्यावर गेला की तिथे द्यायचा. डबेवाला घरून डबा घेतो आणि ऑफिसात पोचवतो, तसाच हा हिशेब. मधल्या वाटेवर खांब नको, तार नको, टॉवर नको.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हौशी रेडिओ आहे आणि त्याच्यामार्फत पृथ्वीवरचे हौशी एकमेकांना अक्षरी पाकिटं पाठवतात. इस्रोने मे २००५ मध्ये 'हॅमसॅट' हा उपग्रह खास हौशींसाठीच सोडला होता आणि तो २०१४ पर्यंत चालला. सांगायचा मुद्दा असा, की हे काम परदेशात कुठेतरी चालतं असं नाही. आपल्या राज्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी त्यात हात घातला आहे.

आपल्याकडे मांडायचं तर

उपग्रह राहू द्या. ठाणे ते कल्याण असा निरोप पाठवायचा तर काय लागतं?

एक रेडिओ लागतो. आपल्या देशात हौशींना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळालेला आहे, त्यात चालणारा हातातला संच पुरतो. एक संगणक किंवा साधा मोबाइल लागतो. सिमकार्ड नसलं तरी चालेल, कारण त्याचं काम फक्त अक्षरांचे सूर करणं आणि सुरांची अक्षरं करणं एवढंच आहे. त्यासाठीचे प्रोग्राम फुकट मिळतात. दोघांना जोडणारी एक वायर लागते. पॅकेट रेडिओत दोन सूर असतात, एक खालचा आणि एक वरचा, आणि ते सेकंदाला बाराशे वेळा बदलू शकतात. ऐकलं तर नुसती खर्रर्र वाटते, पण त्या खरखरीत अख्खं वाक्य असतं. मोठ्या संचाला बारा व्होल्टची बॅटरी लागते, आपल्या रिक्षाला असते तेवढ्याच व्होल्टची.

आणि उंची लागते. या पट्ट्यातल्या लहरी नजरेसारख्या सरळ जातात, डोंगर आला की अडतात. ठाणे आणि डोंबिवलीच्या मध्ये पारसिकचा डोंगर आहे. रेल्वेला तिथे बोगदा खणावा लागला, लहरींना बोगदा खणता येत नाही. त्यांना डोंगराच्या वरून जावं लागतं. म्हणून दोन्हीकडे दिसेल अशा उंच जागी एक मधलं यंत्र बसवतात. ते पाकीट ऐकतं आणि तसंच्या तसं पुढे पाठवतं. विहिरीवर पूर्वी आपण घागरी हातोहात पुढे देत असू, तशी साखळी होते. ती साखळी पावसाळ्याआधी तपासून ठेवावी लागते. पूर आल्यावर डोंगरावर कोण चढणार?

आपली लिपी आणि ६७ घरं

इथे एक अडचण आहे, ती आपल्या भाषेची. ही सगळी पद्धत इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. इंग्रजी अक्षराला पाकिटात एक घर लागतं. आज संगणकात देवनागरी ज्या रीतीने साठवली जाते, तिच्यात प्रत्येक अक्षराला तीन घरं आणि वर काना, मात्रा, वेलांटीलाही प्रत्येकी तीन. 'मदत हवी' एवढं देवनागरीत लिहिलं तर १९ घरं जातात. तेच इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर १० घरांत बसतं. शिवाय काही जुन्या यंत्रांना देवनागरी दिसतच नाही.

म्हणून हौशी लोक आपल्या भाषा इंग्रजी अक्षरांत लिहितात. घाईत ते ठीक, पण त्यात धोका आहे. समजा कोणी इंग्रजी अक्षरांत डी-ए-एल लिहून पुढे 'पाठवा' लिहिलं, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? डाळ पाठवा की दल पाठवा? निवारा केंद्रात डाळही लागते आणि पाण्यात अडकलेल्यांना बचाव दलही लागतं. दोन्हींची सांगड चुकली तर काय होईल ते सांगायला नको.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. निरोपाचा साचा आधी ठरवायचा. तारेच्या काळीही शुभेच्छांची ठरावीक वाक्यं होती आणि प्रत्येकीला क्रमांक होता. क्रमांक पाठवला की पलीकडे पूर्ण वाक्य छापलं जाई. आपणही पुराच्या निरोपाचा क्रम ठरवू शकतो. आधी ठिकाण, मग पाणी किती फूट, मग माणसं किती, त्यांत म्हातारी, लेकरं आणि गर्भवती किती, मग काय हवं, शेवटी वेळ. 'मोहने चाळ ३, पाणी ४ फूट, बायका ५, मुलं ७, होडी हवी', एवढा मजकूर इंग्रजी अक्षरांत ६७ घरांत सहज बसतो. 'दल' न म्हणता 'होडी' म्हणायचं, 'रेशन' म्हणायचं, असे संशय न येणारे शब्द आधीच निवडून ठेवायचे. हौशी रेडिओवर गुप्त सांकेतिक भाषा चालत नाही, त्यामुळे हा साचा सगळ्यांना माहीत असलेला, उघड असावा.

साचा कोण भरणार? ज्या बाईला गल्लीतली घरं पाठ आहेत तीच. कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, कोणत्या खोलीत नवरा रात्रपाळीला जातो आणि पोरं एकटी असतात, हे गटातल्या बायकांना जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याच कार्यालयाला नसतं. यंत्र शिकता येतं. ही माहिती मात्र वर्षानुवर्षं एकमेकींच्या दारात बसूनच मिळते.

परवाना आणि हक्क

आता परवान्याचं. बाजारात स्वस्त संच मिळतात म्हणून घेऊन बोलायला लागू नका. परवान्याशिवाय हे यंत्र चालवणं गुन्हा आहे, आणि माग काढता येतो हे आपण १९४२ च्या गोष्टीत पाहिलं. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात रेडिओचं थोडं शास्त्र आणि नियम विचारतात. वरच्या वर्गाच्या परवान्यासाठी मोर्सची चाचणी असते, खालच्या वर्गासाठी नसते. कोणत्या वर्गाला कोणत्या लहरींवर काय पाठवता येतं हे नियमांत दिलेलं आहे, ते वाचूनच पुढे जायचं. वयाची अट बारा वर्षं पूर्ण, एवढीच. पदवीची अट नाही. परवान्यावर धंद्याचे निरोप पाठवता येत नाहीत, म्हणजे आपल्या पापडांची ऑर्डर यावरून घ्यायची नाही!

हौशींच्या जगात बाईला 'यंग लेडी' म्हणतात, मग ती सोळा वर्षांची असो की साठ. मोर्सच्या काळातली ही रीत आहे. अमेरिकेतल्या हौशी बायकांनी १९३९ मध्ये आपली संघटना काढली आणि एकमेकींना निरोपाच्या शेवटी म्हणायला '३३' हा आकडा ठरवला. त्याचा अर्थ, बाईकडून बाईला मैत्रीचं प्रेम. आमच्या एका बैठकीत हे सांगितलं तेव्हा साठी ओलांडलेल्या आजी म्हणाल्या, "यंग लेडी म्हणणार असतील तर मी परीक्षेला बसते." हसणं थांबल्यावर त्यांनी परीक्षा मराठीत असते का असं विचारलं. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नियमांची आणि शास्त्राची सोपी मराठी टिपणं हवीत, ती आम्ही आता करायला घेतली आहेत.

काही मैत्रिणी म्हणतात, ही शिकल्यासवरल्या पैसेवाल्यांची हौस, आपल्याला काय करायची? त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी, २००६ मध्ये, आपल्यासारख्या संस्थांना समुदाय रेडिओची दारं उघडली. २००८ मध्ये साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. तेलंगणातल्या दलित शेतकरी बायकांनी संगम रेडिओ सुरू केला. ही दारं उघडायच्या आधी लोक हेच विचारत, की खेड्यातल्या बायकांना रेडिओ स्टेशन कशाला? आज त्या बायका स्वतः यंत्रं चालवतात.

दुसरी गोष्ट, समुदाय रेडिओवर आपण बोलतो आणि तुम्ही ऐकता. पुराच्या रात्री तुमच्याकडून आमच्याकडे काही येत नाही. हौशी रेडिओ दोन्हीकडून चालतो. एकाने चाळीची बातमी वर पोचेल, दुसऱ्याने ती सगळ्यांना ऐकवता येईल. दोन्ही असतील तर निरोप पुरा होतो.

आमच्या गटांतल्या चार मुली आणि दोन वहिनी परीक्षेच्या तयारीला लागल्या आहेत. परवाना हातात येईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही हे ठरलं आहे. पण साच्याचा सराव त्यासाठी थांबलेला नाही. दर महिन्याच्या बैठकीत, हप्ते जमा झाल्यावर, प्रत्येक गल्लीची एक बाई ६७ अक्षरांत आपल्या गल्लीचा निरोप कागदावर लिहिते. दुसऱ्या गल्लीतली बाई तो वाचून काय कळलं ते सांगते. चुकीचं कळलं तर शब्द बदलतो. मागच्या बैठकीत 'वरची चाळ' या शब्दांवर अर्धा तास गेला, कारण तिघींच्या तीन वरच्या चाळी निघाल्या. आता प्रत्येक चाळीला क्रमांक दिला आहे.

तुमच्या गटातही हा सराव करून पाहा. त्याला परवाना लागत नाही आणि खर्च एका वहीचा. लिहिलेले निरोप आमच्याकडे पाठवा, पुढच्या कार्यक्रमात त्यांतले काही वाचून दाखवू आणि मिळाल्याची पोच नावानिशी देऊ. सगळ्या यंग लेडींना आमचे ३३.